दांडपट्ट्याला गेममध्ये किती ताकद द्यायची? आधी हे गणित बघा

अमरावती काय नि अकोला काय, शिवजयंतीच्या मिरवणुकीत दांडपट्टा फिरायला लागला की गर्दी आपोआप मागे सरकते. 2024 मध्ये राज्य सरकारनं त्याला राज्यशस्त्राचा दर्जाही दिला. पण 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या मूळ नियमपुस्तकात शस्त्रांचा तक्ता उघडा, तिथं दांडपट्टा सापडणार नाही.

हा गेम 1974 मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डन्जन मास्टर म्हणतात. बाकीचे एकेक पात्र होतात. वार लागला की हुकला, हे 20 बाजूंचा फासा ठरवतो. पुस्तकात नसलेलं शस्त्र, जादू किंवा राक्षस स्वतः बनवला, तर तो झाला 'होमब्रू'. म्हणजे दांडपट्टा आणायला कुणाची परवानगी लागत नाही. अडचण येते ती त्याला ताकद देताना.

पहिल्यांदा बनवणारा बहुतेक असंच लिहितो: 'एका वारात आजूबाजूच्या सगळ्या शत्रूंवर हल्ला.' वाचायला भारी वाटतं. आता हिशोब करू. साध्या तलवारीला आठ बाजूंचा फासा, त्यात ताकदीचे 3. वार 65 टक्के वेळा लागतो असं धरलं आणि फाशावर 20 पडल्यावरचं जादा नुकसान मिळवलं, तर एका वाराची सरासरी येते 5.1. दोन्ही हातांनी चालवायच्या मोठ्या तलवारीची 6.85. आणि आपला दांडपट्टा? तीन शत्रूंनी घेरलं तर 15.3, चौघांनी घेरलं तर 20.4!

अशा वेळी टेबलावर काय होतं? पट्टेवाला एकटाच लढाई संपवतो. धनुष्यवाल्याची पाळी येईपर्यंत मारायला कुणी उरत नाही आणि तो मोबाईल काढून बसतो. असं दोन-तीन रविवार झालं की चौथ्या रविवारी त्याला नेमकं काम निघतं. होमब्रूमुळे ग्रुप मोडतात ते असे.

यावर घाईचा उपाय म्हणजे फासा लहान करणं. आठऐवजी सहा बाजूंचा घेतला तरी तीन शत्रूंवर सरासरी 13.2 राहते. दुखणं फाशात नाहीच, 'सगळ्या' या शब्दात आहे.

मग मर्यादा आणायची कुठून? खुद्द दांडपट्ट्यातून. अमरावतीत हे समजून घेणं तसं सोपं आहे. 1914 मध्ये अंबादासपंत आणि अनंत वैद्य या बंधूंनी इथं आखाडा सुरू केला, तोच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं तिथं देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. पट्टा खेळणाऱ्याचा हात नीट बघा. हात खोबळ्यात कोपरापर्यंत अडकलेला असतो, मनगट वळत नाही. वार खांद्यातून आणि कमरेतून येतो. पातं लांब आणि लवचिक, त्यामुळे त्याला मोकळी जागा लागते. घाईत हातातून टाकून दुसरं शस्त्रही उचलता येत नाही.

यातलं प्रत्येक निरीक्षण म्हणजे एक तयार नियम आहे. खोबळा घालायला किंवा काढायला एक पूर्ण पाळी जाईल. त्या हातानं दार उघडणं, दोर पकडणं बंद. अरुंद जागेत वार करताना दोन फासे टाकून कमी आकडा घ्यायचा.

आणि घेरल्यावरचा तो प्रसिद्ध वार? त्यासाठी 2024 च्या नियमपुस्तकातला 'क्लीव्ह' उसना घ्या. पहिला वार लागला, तरच त्याच्या शेजारच्या एका शत्रूवर दुसरा वार. त्यात ताकदीचे 3 मिळवायचे नाहीत आणि हे एका पाळीत एकदाच. सहा बाजूंच्या फाशावर आता काय दिसतं? समोर एकच शत्रू असेल तर 4.4, म्हणजे साध्या तलवारीपेक्षा कमी. दोघं असतील तर 6.0, म्हणजे तिच्यापेक्षा जास्त, पण मोठ्या तलवारीच्या आतच. चौघं आले तरी 6.0 च. पट्टा गर्दीत चमकतो, एकास-एक लढतीत मागे पडतो. हवं होतं ते हेच.

तरी कागदावरचा आकडा पुरेसा नाही. मोहिमेत आणण्याआधी तीन छोट्या लढाया खेळून बघा: मोकळ्या मैदानात एकच राक्षस, त्याच मैदानात चार गॉब्लिन, आणि तिसरी किल्ल्याच्या दरवाजात. त्यासाठी नकाशा शोधत बसू नका. अकोल्याच्या नरनाळ्याचा महाकाली दरवाजा किंवा चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाचा एखादा दरवाजा डोळ्यांसमोर आणा. मैदानात पट्टेवाला खूश आणि दरवाजात मात्र तो मित्राला 'तू हो पुढं, मी मागं थांबतो' म्हणाला, तर शस्त्र तयार आहे. तिन्ही ठिकाणी तोच पुढे राहिला, तर पुन्हा कागद-पेन्सिल घ्या.