सह्याद्रीतला शरद : स्लाइडपासून मोबाइलपर्यंत

पाऊस ओसरला की सह्याद्रीत फोटोग्राफरांची सुगी सुरू होते. हवेतली धूळ धुतली गेलेली असते आणि सूर्य दक्षिणेकडे कलू लागतो. पुण्यात २३ सप्टेंबरला भर दुपारी तो सत्तर अंशांच्याही वर असतो. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बावन्नच्या आसपास उतरतो. सावल्या लांबतात, भातखाचरांचे बांध उठून दिसतात, माळावरचं गवत हिरव्याचं सोनेरी होतं. गेल्या पस्तीस वर्षांत हा उजेड तोच राहिला. तो टिपण्याची रीत मात्र पार बदलली.

नव्वदच्या दशकात कॅमेऱ्यात स्लाइड फिल्म असे. छत्तीस फोटोंचा रोल, आणि एक्स्पोजर अर्ध्या स्टॉपनं चुकलं तरी ते उघड दिसे. लॅबमधून आलेली स्लाइड हाच शेवटचा शब्द. त्यामुळे सगळी अक्कल बटण दाबण्याआधी वापरावी लागे. कासच्या पठारावरचा तेरडा ढगाळ उजेडात टिपायचा, गवताचे तुरे समोरून येणाऱ्या तिरप्या उन्हात, आणि भर दुपारी कॅमेरा पिशवीत.

तरीही ‘तेव्हाचे फोटो अस्सल’ हे अर्धसत्य आहे. १९९० मध्ये फुजीची व्हेल्विया ही स्लाइड फिल्म आली. तिच्यात हिरवा रंग प्रत्यक्षाहून गडद येई आणि नेमकी म्हणूनच ती निसर्गछायाचित्रकारांची लाडकी झाली. कोणता रोल भरायचा हे ठरवलं, की निम्मं एडिटिंग तिथेच झालेलं असे.

२००३ नंतर डिजिटल एसएलआर हौशी लोकांच्या आवाक्यात आले, २००७ मध्ये लाइटरूम हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर आलं. निवड रोलमधून संगणकावर गेली आणि हात सैल सुटले. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला, त्यात कासही होतं. गर्दी वाढली, तसे फोटोंतले रंगही भडकले. फोटोंतला तो भडक जांभळा गालिचा शोधत आलेल्या पर्यटकाला खरं पठार फिकं वाटू लागलं. आता मोबाइल न विचारताच अनेक फ्रेम एकत्र करतो, सावल्या उजळतो आणि संध्याकाळची संध्याकाळ पुसून टाकतो.

म्हणून खरा उजेड जपायचा, तर कमी एडिटिंगची सुरुवात कॅमेऱ्यातच करावी लागते. व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वर ठेवला, तर कॅमेरा मावळतीचा पिवळेपणा दोष समजून काढून टाकतो; म्हणून व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर, म्हणजे ५५०० केल्विनच्या आसपास ठेवावा. जुनी डेलाइट फिल्मही त्याच मापाची असे. सोनकीसारखी पिवळी फुलं थोडी कमी एक्स्पोजरवर घ्यावीत, नाहीतर पाकळ्यांचा तपशील जळून जातो. नंतर क्षितिज सरळ करणं, सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके काढणं, जरासा कॉन्ट्रास्ट. एवढं पुरे.

कमी एडिटिंगचा हा हट्ट केवळ सौंदर्याचा नाही. कारवी बऱ्याच वर्षांनी एकदा फुलते, परतीचा पाऊस कधी भात उभं असताना लांबतो, गवत कधी लवकर वाळतं. तारीख-ठिकाणासह जपलेला प्रामाणिक फोटो ही त्या त्या सालाची नोंद असते. रंग फुगवला, की ती नोंद खोटी ठरते. यंदा डोंगरात गेलात तर हवे तेवढे प्रयोग करा, पण मूळ फाइल मात्र हात न लावता जपून ठेवा.