विकास कोणाचा?

टी. नगर म्हणजे चेन्नई शहरातील त्यागराय नगर. येथील रंगनाथन मार्गावर दादरच्या रानडे मार्गाची आठवण व्हावी अशी गर्दी असते. मांबलम रेल्वे स्थानकातून बाहेर पडणारे लोक कापडाच्या, भांड्यांच्या आणि दागिन्यांच्या दुकानांकडे वळतात. ही समृद्धी पाहून ‘येथे विकास झाला’ असे आपण सहज म्हणतो. परंतु विकास म्हणजे काय आणि तो कोणाचा? या प्रश्नांचा पद्धतशीर विचार करणाऱ्या ज्ञानशाखेस ‘विकास अध्ययन’ म्हणतात. अनेक देशांच्या अनुभवांची तुलना करून हाच विचार केला, की तो ‘आंतरराष्ट्रीय विकास’ या विषयाचा अभ्यास ठरतो. या विषयात एम. ए. करता येते.

हा अभ्यास कसा चालतो, हे टी. नगरच्याच उदाहरणाने पाहू. आज जेथे बाजार आहे, तेथे पूर्वी मोठा तलाव होता. १९२३ च्या सुमारास तलावाची जमीन वसाहतीसाठी घेण्यात आली. वाढत्या शहराला घरे मिळाली; पण पाणी साठण्याची जागा गेली. नोव्हेंबर २०२१ मधील पावसात टी. नगरचे रस्ते पाण्याखाली गेले. मुंबईनेही २६ जुलै २००५ रोजी असाच अनुभव घेतला. मिठी नदीचे पात्र आक्रसले होते आणि सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. दोन शहरांची अशी तुलना केली, की एका ठिकाणची आपत्ती दुसऱ्या ठिकाणी धडा ठरू शकते.

दुसरा प्रश्न उपजीविकेचा. टी. नगरमधील पाँडी बाजारात पदपथावर बसणाऱ्या फेरीवाल्यांना २०१३ मध्ये एका बहुमजली संकुलात जागा देण्यात आली. पुढे २०१९ मध्ये तेथे पादचाऱ्यांसाठी रुंद व देखणे पदपथ झाले. चालणाऱ्यांची सोय झाली, हे खरेच. परंतु येता-जाता फुले किंवा कंगवा घेणारे गिऱ्हाईक जिना चढून वर जाईल काय? विकासाचा विद्यार्थी येथे घाईने निर्णय देत नाही. तो विक्रेत्यांशी बोलतो, पूर्वीच्या व आताच्या मिळकतीची नोंद करतो आणि मगच मत बनवतो. यालाच क्षेत्रकार्य म्हणतात. त्यासाठी संख्याशास्त्राइतकेच लोकभाषेचे ज्ञानही लागते.

तिसरा प्रश्न जगाशी असलेल्या संबंधाचा. चेन्नई मेट्रोच्या पहिल्या टप्प्यासाठी जपानकडून कर्ज मिळाले. असा पैसा कोणत्या अटींवर येतो, हे विद्यार्थ्याला समजून घ्यावे लागते. प्रगती मोजण्याची मापेही जागतिक असतात. १९९० मध्ये मांडल्या गेलेल्या मानव विकास निर्देशांकात उत्पन्नाबरोबर आरोग्य आणि शिक्षण यांचाही विचार होतो. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी २०३० पर्यंत गाठावयाची १७ शाश्वत विकास उद्दिष्टे स्वीकारली.

अशा अभ्यासाची परंपरा आपल्या देशात जुनी आहे. युनेस्कोत उच्च पदावर काम केलेले माल्कम आदिशेषय्या यांनी १९७१ मध्ये चेन्नईत ‘मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट स्टडीज’ ही संशोधन संस्था स्थापन केली. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९३६ पासून समाजकार्याचे शिक्षण देत आली आहे. काम सांभाळून शिकणाऱ्यांसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा ग्रामविकासाचा एम. ए. अभ्यासक्रम आहे.

पदवीने नोकरीची वाट सुकर होईल. परंतु प्रश्न विचारण्याची सवय त्याआधीच लावून घेता येते. आपल्या गावात रस्ता रुंद होऊ लागला, तर तीन गोष्टींची नोंद करावी : लाभ कोणाचा झाला, किंमत कोणी मोजली आणि निर्णयापूर्वी कोणाला विचारले गेले.