कोणती काठी तोडायची?

पाऊस लागला की गडचिरोलीच्या जंगलात बांबूच्या रांजीतून, म्हणजे बेटातून, कोंब वर येऊ लागतात. तिकडे त्यांना वास्ते म्हणतात, त्यांची भाजीही करतात. असा एखादा कोंब जवळ बसून पाहावा. मातीतून डोके काढतो तेव्हाच त्याची जाडी ठरलेली असते. पुढे तो फक्त उंच होत जातो आणि दोन-तीन महिन्यांत वाढ पुरी करून मोकळा होतो. मानवेल जातीचा असेल तर तीस-चाळीस फूट! त्यानंतर ती काठी उरलेल्या आयुष्यात इंचभरही वाढत नाही. मात्र तेव्हा ती कच्ची असते. पक्की व्हायला, कामाला यायला तिला आणखी तीनेक वर्षे लागतात.

जंगल कोणाच्या हक्कात असावे, हा प्रश्न मला या तीन वर्षांपाशी फार स्पष्ट दिसतो.

चुकीची काठी तोडण्याचा मोह व्हावा, अशी रांजीची रचनाच आहे. तिचे जमिनीखालचे कंद दरवर्षी थोडे थोडे बाहेरच्या बाजूला सरकतात. त्यामुळे जुन्या काठ्या मध्यभागी राहतात आणि कोवळ्या कडेला येतात. नवे कोंब फुटतात तेही बहुतेक कोवळ्या कंदांनाच. आता कोयता घेऊन आलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. हाताशी येतात त्या कडेच्या काठ्या. आतल्या जुन्या काठ्यांपर्यंत पोहोचायचे तर फांद्यांच्या जाळ्यात शिरावे लागते. कडेच्या काठ्या कापल्या तर काम झटपट उरकते, पण पुढच्या साली कोंब ज्यांच्यापासून यायचे तेच गेलेले असतात. मधला भाग गच्च होतो, आणि आत वाळलेल्या, वाकड्यातिकड्या काठ्या नुसत्या अडकून राहतात.

बरोबर पद्धत कष्टाची आहे. रांजीच्या एका बाजूने घोड्याच्या नालेच्या आकाराची वाट काढायची, आत शिरायचे, पिकलेल्या काठ्या निवडून जमिनीलगतच्या पेरावर तोडायच्या आणि कडेची कोवळी काठी राखायची. काठीचे वय नजरेने कळते. पहिल्या वर्षीच्या काठीवर सालपटे चिकटलेली असतात आणि पांढरट भुकटी असते. पुढे ती झडतात, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत हिरवा रंग मळकट होतो. एवढे ज्ञान जंगलाकाठच्या माणसाकडे असतेच. कडेची काठी राखण्याचे फळ आपल्याला मिळेल की नाही, हे मात्र त्याला ठाऊक नसते.

कित्येक वर्षे ते मिळणारच नव्हते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत, पण १९२७ च्या भारतीय वन कायद्याने त्याला झाडांत घातले. त्यामुळे जंगलातल्या बांबूवर ताबा वनखात्याचा राहिला. कागद गिरण्यांना बांबू लांब मुदतीच्या करारांनी मिळे, गावाच्या वाट्याला निस्तारापुरता, म्हणजे घरगुती गरजेपुरता येई. करार लांबचा असला तरी तोडणाऱ्या मजुराला पैसे मिळायचे ते तोडलेल्या काठ्यांचे. राखलेल्या काठीची मजुरी कोणी कुणाला दिली नाही. रांजी बिघडायला याहून जास्त काही लागत नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने हे उलटे केले. बांबू गौण वनोपज (लाकडाखेरीजचे वनउत्पादन) आहे असे त्यात स्पष्ट लिहिले, आणि आपल्या पारंपरिक सीमेतले जंगल राखण्याचा, वाढवण्याचा, त्याचे व्यवस्थापन करण्याचा हक्क गावाचा मानला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या छोट्या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर हा सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळालेल्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. हा हक्क पुढच्या पिढीकडे जातो, पण विकता येत नाही. म्हणजे तीन वर्षांनी रांजीपाशी कोण असेल, याचे उत्तर कायद्यानेच देऊन ठेवले.

तरीही बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागायचा, आणि परवान्याचे पुस्तक वनखात्याच्या हातात! त्यासाठी गावाला आणखी झगडावे लागले. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. दिसायला साधे पावतीपुस्तक, पण माझ्या मते महाराष्ट्राच्या वन-इतिहासातल्या मोठ्या दिवसांत त्या दिवसाची गणना व्हायला हवी.

हे गाव काही कायद्याची वाट बघत बसले नव्हते. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा कायद्याच्या कितीतरी आधीची. गावातलेच नेते देवाजी तोफा आणि सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने गावाने अभ्यासगट चालवले आणि निर्णय सर्वसहमतीने घ्यायची रीत पाडली. बहुमत पुरत नाही. एकाचाही विरोध असला तर निर्णय थांबतो, बोलणे चालू राहते. वेळ जातो खरा. पण जंगलात पाळतीवर कोणी नसताना कडेची काठी राखायची असेल, तर तो नियम प्रत्येकाला स्वतःचा वाटायलाच हवा. मतदानात हरलेला माणूस तो कितपत पाळेल?

आणि मग या गावाने शेतीकडे मोर्चा वळवला. विनोबांच्या चळवळीतून आलेला महाराष्ट्राचा ग्रामदान कायदा १९६४ चा. त्याचा आधार घेऊन २०१३ मध्ये मेंढ्याच्या लोकांनी आपापल्या सातबाराची जमीनही ग्रामसभेच्या नावे करायचे ठरवले. कसणारा तोच राहतो, वारसही त्याचेच, फक्त बाहेरच्याला जमीन विकायची वाट बंद होते. मला यातली दूरदृष्टी थक्क करते. जंगल विकता येत नाही, पण शेत विकता येते. एकेक शेत विकले जाऊन माणसे गाव सोडून गेली, तर जंगलाचा कागद कितीही पक्का असला तरी तो सांभाळणारी ग्रामसभाच उरत नाही.