पंचकल्याणीचे पाय

मार्गशीर्ष वद्याच्या अखेरीस नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते, तेव्हा देवदर्शनाइतकीच गर्दी घोड्यांच्या बाजारात लोटते. आणि तेथील जाणता खरेदीदार दाम विचारण्यापूर्वी अंगावरचे भोवरे व चारही पायांचा रंग बारकाईने न्याहाळतो, कारण चार पाय आणि कपाळ शुभ्र असलेला पंचकल्याणी घोडा शुभलक्षणी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या अव्वल मानला गेला आहे.

शुभाशुभाचा प्रश्न बाजूस ठेवला, तरी हीच पाच स्थळे का, याचे उत्तर आनुवंशशास्त्रापाशी आहे. रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी गर्भाच्या पाठीच्या मध्यरेषेशी उद्भवतात आणि तेथून फौजेप्रमाणे कूच करीत सर्व त्वचेवर अंमल बसवितात. खूर आणि कपाळ ही या मुलखाची सरहद्द. पेशींच्या वाढीस, प्रवासास व तगण्यास जो संकेत लागतो, तो ग्रहण करणारे प्रथिन ‘किट’ या जनुकापासून घडते. तो संकेत क्षीण असला की सरहद्द रिकामी राहते. पांढरा पाय म्हणजे रंग चढलेला नव्हे, न पोहोचलेला पाय! अबलखाच्या ‘टोबियानो’ नामक प्रकारात तर किटजवळचा तिसऱ्या गुणसूत्राचा मोठा तुकडाच उलटा बसलेला असतो, असे 2007 साली सिद्ध झाले.

तथापि सारा कारभार जनुकांच्या हाती नाही. एकाच घोड्यापासून निपजलेल्या क्लोनांच्या पायांवरील पांढरेपणाही हुबेहूब जुळत नाही. कोणती पेशी कोठवर पोहोचेल, यात यदृच्छेचाही वाटा असतो. तेव्हा पंचकल्याणी घोडा लावला म्हणून शिंगरू पंचकल्याणीच होईल, अशी हमी देणाऱ्याचा शब्द मी तरी प्रमाण मानणार नाही.

सब्जा घोड्याची गोष्ट निराळी. 2008 साली उलगडलेल्या एका जनुकीय द्विरुक्तीमुळे तो गडद जन्मून वर्षागणिक पांढरा होत जातो, आणि त्याच्या पायांवरील मूळ खुणा त्या धवलतेत लोपतात. मात्र त्यांखालची कातडी गुलाबी, इतरत्र काळी असते. म्हणून घोड्याच्या दस्तऐवजात पायांचा तपशील नोंदविण्यापूर्वी पाय पाण्याने भिजवून खालच्या कातडीचा रंग पाहावा.