‘पाठवा’ म्हटलं की झाला सौदा!

करार म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? स्टॅम्प पेपर, वकिलाचं ऑफिस, दोन साक्षीदार आणि ‘इथे सही करा’ म्हणून पेन्सिलीने मारलेली फुली. म्हणूनच बऱ्याच जणी म्हणतात, ‘आमचा काय बाई संबंध करारांशी!’ बी.कॉम., बीबीए करणाऱ्या आपल्या लेकीही ‘बिझनेस लॉ’चा पेपर कलमांचे आकडे पाठ करून सोडवतात आणि परीक्षा आटोपली की पुस्तक रद्दीत घालतात.

तर मैत्रिणींनो, जरा चिखलदऱ्याला चला. सुमारे अकराशे मीटर उंचीवरचं हे विदर्भाचं हक्काचं थंड हवेचं ठिकाण. पावसाळ्यात धुकं आणि धबधबे बघायला झुंबड उडते, कॉफीची झाडं बघून पाहुणे चकित होतात. अलीकडच्या वर्षांत इथे, विशेषतः मोथा गावाच्या परिसरात, हिवाळ्यात स्ट्रॉबेरीही पिकू लागली आहे. फळ देखणं, पण महानाजूक! तोडलं की लगेच घाट उतरून परतवाडा, अमरावती, नागपूर गाठायला हवं. अशा मालाचा सौदा स्टॅम्प पेपरची वाट बघत बसत नाही, तो फोनवरच होतो. समजा, नागपूरच्या एका आइस्क्रीमवाल्याचा मोथ्याच्या एका ताईला फोन आला.

‘ताई, स्ट्रॉबेरी कितीले देता?’

‘अडीचशे रुपये किलो.’

‘उद्या पन्नास किलो पाठवा.’

‘हो भाऊ, पाठवतो.’

झालं. चार वाक्यांत करार झाला. ताईंनी मजूर लावून पहाटे माल तोडला, खोकी भरली, गाडीवाल्याला सांगितलं आणि तेवढ्यात पुन्हा फोन आला, ‘ताई, राहू द्या. आमाले दुसरीकडे स्वस्तात भेटला माल.’ ताई हळहळतात, ‘लिहून घेतलं नव्हतं, आता काय करता!’ इथेच आपली गल्लत होते. लिहून घेतलेलं नसलं तरी करार हा करारच असतो.

आपल्याकडे करारांचा मूळ कायदा १८७२ सालचा. इंडियन कॉन्ट्रॅक्ट अॅक्ट त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून लागू झाला आणि आजही चालू आहे. त्याचं दहावं कलम सांगतं की, करार करायला पात्र असलेल्या माणसांनी, राजीखुशीने, कायदेशीर मोबदल्यासाठी आणि कायदेशीर हेतूने केलेला समझोता म्हणजे करार. काही व्यवहारांना दुसऱ्या कायद्यांनी लेखी कागद सक्तीचा केला आहे, जमिनीची विक्री हे त्यातलं ठळक उदाहरण. स्ट्रॉबेरीला तशी सक्ती नाही.

आणि पात्र कोण? अकरावं कलम म्हणतं, प्रत्येक व्यक्ती. वय अठरा पूर्ण हवं, मन ठिकाणावर हवं आणि कायद्याने अपात्र ठरवलेलं नसावं, बस्स. ‘पुरुष’ असा शब्द तिथे नाही. ज्या काळात इंग्लंडातल्या विवाहितेला स्वतःच्या नावाने व्यवहार करण्याचा हक्क टप्प्याटप्प्याने, झगडून मिळवावा लागत होता, त्या काळातला हा कायदा आहे. तेव्हा सातबाऱ्यावर धन्याचं नाव आहे म्हणून ‘यांनाच विचारा’ म्हणण्याचं कारण नाही. ताईंनी स्वतःच्या नावाने माल विकला, तर करारातल्या पक्षकार ताईच.

आता त्या चार वाक्यांकडे नीट बघा. ‘कितीले देता’ हा नुसता प्रश्न. ‘अडीचशे’ हे त्याचं उत्तर, ती भावाची माहिती झाली. भाव सांगितला म्हणजे विकायचं कबूल केलं असं होत नाही. जमैकातल्या एका मालमत्तेच्या तारांवरून झालेल्या भांडणात प्रिव्ही कौन्सिलने १८९३ मध्येच हे सांगून ठेवलंय. खरा प्रस्ताव म्हणजे तिसरं वाक्य, ‘उद्या पन्नास किलो पाठवा’. आणि चौथं वाक्य ही स्वीकृती. ताई जर म्हणाल्या असत्या, ‘हो, पण चाळीसच किलो निघंल’, तर ती स्वीकृती ठरली नसती. तो उलटा, नवा प्रस्ताव झाला असता आणि ‘हो’ म्हणायची पाळी आइस्क्रीमवाल्यावर आली असती. सातवं कलम स्वीकृती बिनशर्त मागतं. बोलताना आपण ‘हो, पण’ किती सहज म्हणतो, नाही?

आणखी एक प्रकार हल्ली फार चालतो. ‘संध्याकाळपर्यंत तुमचा निरोप नाही आला, तर पक्कं समजतो,’ असा मेसेज येतो. तुम्ही वाचलात, निळ्या खुणा उमटल्या, उत्तर द्यायचं राहिलं. अडकलात का? नाही. इंग्लंडात एका काकांनी पुतण्याला पत्र लिहिलं, ‘काही कळवलं नाहीस तर घोडा माझा समजतो.’ पुतण्या गप्प राहिला. १८६२ साली कोर्टाने सांगितलं की, समोरच्याच्या गप्प बसण्याला असा होकार चिकटवता येत नाही.

आता वळू या आपल्या वऱ्हाडातल्या खटल्याकडे. विद्यार्थिनींनो, तुमच्या पुस्तकात ‘भगवानदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल’ हे नाव असतं ना? ते प्रकरण खामगावचं आहे! खामगाव म्हणजे कापसाची मोठी पेठ. तिथल्या केडिया जिनिंग फॅक्टरी अँड ऑइल मिल्सचा अहमदाबादच्या व्यापाऱ्यांशी २२ जुलै १९५९ रोजी ट्रंक कॉलवर सौदा झाला. माल होता सरकीची ढेप, म्हणजे आपल्या गाईम्हशींचं खाद्य. ढेप काही मिळाली नाही, असं म्हणत अहमदाबादकरांनी तिथल्या सिटी सिव्हिल कोर्टात ३१,१५० रुपयांचा दावा ठोकला. १९५९ सालचे एकतीस हजार!

खामगावकरांचं म्हणणं साधं होतं. प्रस्ताव अहमदाबादहून आला, ‘हो’ आम्ही खामगावात म्हटलं, माल खामगावात द्यायचा, पैसेही इथेच मिळायचे; मग खटला अहमदाबादला कशासाठी? वरवर बघता पटण्यासारखंच आहे. शिवाय पत्राने सौदा झाला असता, तर त्यांचंच बरोबर ठरलं असतं. कारण चौथं कलम सांगतं की, स्वीकृतीचं पत्र टपालात पडून आपल्या हाताबाहेर गेलं की प्रस्ताव देणारा बांधला जातो. म्हणजे जिथून पत्र टाकलं तिथे करार होतो.

पण फोनचं काय? कायदा झाला १८७२ मध्ये आणि बेलला टेलिफोनचं पेटंट मिळालं १८७६ मध्ये! प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ३० ऑगस्ट १९६५ रोजी निकाल लागला. न्या. शहा आणि न्या. वांच्छू यांनी म्हटलं की, कायदा लिहिणाऱ्यांच्या डोक्यात टेलिफोन असूच शकत नव्हता. फोनवरचं बोलणं म्हणजे समोरासमोरचंच बोलणं, त्याला टपालाचा नियम लावायचा नाही. ‘हो’ जिथे ऐकू आलं, तिथे करार झाला. म्हणजे अहमदाबादला. खामगावकर हरले.

तिसरे न्यायमूर्ती होते एम. हिदायतुल्ला, नागपूरच्या हायकोर्टात वकिली आणि न्यायदान केलेले, पुढे देशाचे सरन्यायाधीश झालेले. त्यांना हे पटलं नाही. कलमाचे शब्द स्पष्ट आहेत, खामगावात उच्चारलेला शब्द बोलणाऱ्याच्या हाताबाहेर गेला की तिथेच करार पुरा झाला, असं त्यांनी वेगळ्या निकालपत्रात लिहिलं. परीक्षेत बहुमताचा निकालच लिहायचा बरं का, पण हे मतही वाचा. मला तर त्यांची बाजू अधिक सरळ वाटते.

याचा मोथ्याच्या ताईंशी संबंध असा की, त्यांचा ‘हो’ नागपुरात ऐकला गेला, म्हणून त्यांचा करार नागपुरात झाला. भांडण कोर्टात न्यायचं तर हेलपाटे कुणाचे, याचा निकाल अशा एका शब्दावर लागू शकतो. अर्थात कोर्ट ठरताना समोरचा राहतो कुठे, माल आणि पैसे कुठे द्यायचे होते, हेही बघतात. म्हणून फोन ठेवल्या ठेवल्या दोन ओळींचा मेसेज टाकावा. ‘उद्या सकाळी पन्नास किलो, अडीचशे रुपये किलो, माल मोथ्यात ताब्यात, गाडीभाडं तुमचं, पैसे माझ्या खात्यात,’ आणि त्याच्याकडून ‘ओके’ येऊ द्यावं. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झाला म्हणून करार रद्द ठरत नाही, असं आयटी अॅक्टच्या १०-अ कलमात सांगितलंय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष कायद्यातही असे मेसेज पुरावा म्हणून चालतात, सोबत ठरावीक प्रमाणपत्र लागतं एवढंच. तेव्हा चॅट पुसू नका!

आता घरातला खरा प्रश्न. आई शेतात असते आणि फोन उचलते सतरा वर्षांची लेक. ती ‘हो’ म्हणाली तर? अज्ञानाने केलेला करार मुळातच रद्दबातल, हे कोलकात्याच्या मोहोरीबीबी खटल्यात १९०३ मध्ये ठरलं. सावकाराने अल्पवयीन मुलाकडून घर गहाण लिहून घेतलं होतं, ते वाया गेलं. पण गंमत पुढेच आहे. १८४ वं कलम म्हणतं, अज्ञान व्यक्तीही दुसऱ्याची एजंट होऊ शकते. आईने ‘ऑर्डर घेत जा गं’ म्हणून सांगून ठेवलं असेल, तर लेकीच्या ‘हो’ने आई बांधली जाते. लेकीवर मात्र त्याची जबाबदारी येत नाही.

राहिला आइस्क्रीमवाला. ७३ वं कलम ताईंना भरपाई देतं, पण ‘माल सडला, आता सगळे साडेबारा हजार द्या’ असं म्हणून हातावर हात धरून बसता येत नाही. नुकसान कमी करायला आपण काय केलं, तेही बघितलं जातं. म्हणून माल लगेच परतवाड्याला दुसऱ्याला विकावा आणि पावती ठेवावी. समजा, तिथे एकशे ऐंशीचाच भाव मिळाला, तर किलोमागे सत्तर म्हणजे पन्नास किलोंचे साडेतीन हजार, आणि त्या गडबडीत झालेलं जास्तीचं भाडं, एवढं मागायचा हक्क आहे. दाव्याची मुदत करार मोडल्यापासून तीन वर्षं. साडेतीन हजारांसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार, हे खरंच. पण आकडा, तारीख आणि कलम घालून एक नोटीस तर धाडता येते. आणि पुढच्या ऑर्डरला निम्मे पैसे आधी मागता येतात, माल तोडण्याच्या आदल्या रात्री.