पाहुणा क्लास

बेळगावच्या टिळकवाडीतून तिसरं रेल्वे गेट ओलांडलं की उद्यमबागेच्या फौंड्र्या लागतात. कास्टिंगला पॅटर्न, म्हणजे पार्टचा नमुना, लागतो आणि तो बहुधा गिऱ्हाइकाचाच असतो. समजा, कधी न पाहिलेल्या पार्टची ऑर्डर आली; सोबत फक्त मापं आणि एक चिठ्ठी, 'पॅटर्न अमुक गोदामात.' भट्टी न विझवता तो आणवला आणि ओतकाम सुरू! जावाच्या आरएमआयमध्ये, म्हणजे दुसऱ्या मशीनवरची मेथड इथून चालवण्याच्या सोयीत, असंच घडतं.

नेटवर्कवरून ऑब्जेक्ट पाठवला की त्याच्यातल्या किमती तेवढ्या जातात. त्याला काय करता येतं ते सांगणारा बाइटकोड मागेच राहतो. पण आरएमआय क्लासच्या नावाला एक यूआरएल चिकटवून देतं. पलीकडची जावा आधी स्वतःकडे तो क्लास शोधते. नाही मिळाला तर त्या पत्त्यावरच्या साध्या वेब सर्व्हरवरून फाइल उतरवते, तपासते आणि चालत्या प्रोग्रामात क्लास उभा करते. रीस्टार्ट नाही, नवं कंपाइल नाही.

जावा बनवणाऱ्या सन कंपनीच्या शिकवणीतलं उदाहरण मला अजून जादूसारखं वाटतं. सर्व्हरला एवढंच ठाऊक, की 'टास्क' आलं तर ते चालवायचं. क्लायंट त्याला पाय (π) या संख्येचे दशांश काढणारा ऑब्जेक्ट धाडतो आणि उत्तर परत येतं. सर्व्हर लिहिणाऱ्याच्या डोक्यात पाय आलाही नसेल! अ‍ॅन वोलरथ, रॉजर रिग्ज आणि जिम वॉल्डो यांनी १९९६ मध्ये मांडलेली ही रचना १९९७ च्या जेडीके १.१ मध्ये आली. बाइटकोड सोलारिसवर चालतो तसाच विंडोजवर, म्हणून हे जमलं.

पण परक्याचा कोड घरात घ्यायचा म्हणजे जोखीम आलीच. परवानग्या तपासणारा सिक्युरिटी मॅनेजर नसेल तर आरएमआय बाहेरून काही उतरवत नसे. २०१३ मध्ये जावा ७ च्या २१व्या अपडेटपासून समोरून आलेला पत्ता मुळात मानायचाच नाही, असं ठरलं. तरी जावाच्या दुसऱ्या दारातून, जेएनडीआयमधून, हीच युक्ती २०२१ च्या डिसेंबरात जगाला छळून गेली: लॉगमध्ये लिहिलेल्या एका ओळीमुळे लॉग४जे ही लॉग लिहिणारी लायब्ररी परक्या सर्व्हरकडून क्लास आणून चालवू लागली. २०२५ च्या जेडीके २४ मध्ये सिक्युरिटी मॅनेजर कायमचा बंद झाला आणि त्याच्यासोबत आरएमआयचं हे उतरवणंही.

हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर जेडीके ८ घ्या, परवानग्यांची पॉलिसी फाइल लिहा, २०१३ चा तो नियम लावणारं 'यूजकोडबेसओन्ली' हे सेटिंग फॉल्स करा. दोन्ही मशीन मात्र आपलीच असू द्या.