नाव ठेवायला जागा
गोष्ट लिहिताना : भाग ९

‘कथानकच सुचत नाही’ अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी हल्ली एकच विचारतो : माणसाचं नाव काय? बहुतेकांकडे ते नसतं. ‘एक मध्यमवयीन कारकून’ असतो, ‘ती’ असते, फार तर घाईत चिकटवलेला एखादा अमित नाहीतर नेहा. मग कथानक येणार कुठून?

दत्तात्रय भिकाजी असं एक नाव घेऊ. आई त्याला दत्तू म्हणते, शाळासोबती दत्त्या. कचेरीत तो डी. बी., सासुरवाडीला दत्तोपंत. नोकरी सोडून, कर्ज काढून दोन टेम्पो घेतल्यावर तो नाक्यावर दत्ताशेठ झाला. हप्ते थकले, टेम्पो ओढून नेले. दुसऱ्या दिवशी पानवाला ‘या शेठ’ म्हणाला नाही, ‘काय दत्तू’ म्हणाला. पानात चुना नेहमीएवढाच होता. गोष्ट सुरू झाली की!

आता तुम्ही, म्हणजे निवेदक, त्याला काय म्हणणार? ‘दत्तू गप्प बसला’ की ‘दत्तात्रय गप्प बसले’? पहिल्याच वाक्यात हे ठरवावं लागतं आणि तिथेच निवेदकाचं वय, त्याचा मान, त्या माणसाशी असलेली त्याची जवळीक असं सगळं ठरून जातं. आडनाव घातलंत तर वाचक जात आणि गावही मनात भरून घेतो. टाळलंत तरी तो मनातल्या मनात विचारतोच. म्हणून आडनाव द्यायचं की दाबायचं, हाही कथेचाच निर्णय आहे.

त्या ‘भिकाजी’कडेही बघा. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याला भिकाजी, धोंडू, दगडू म्हणायची आपल्याकडे रीत होती. इतकं टाकाऊ नाव की नजर लागू नये. म्हणजे बापाच्या नावात आजीची एक न सांगितलेली गोष्ट दडलेली असू शकते. किरण नगरकरांनी ‘रावण अँड एडी’त (१९९५) हीच रीत पार टोकाला नेली. माझगावच्या चाळीत तान्हा राम पवार वरून खाली पडतो, तो वाचतो आणि ज्याच्या अंगावर पडतो तो माणूस मरतो. धास्तावलेली आई रामाचा रावण करते. पुढे ते पोर जन्मभर ते नाव वागवतं आणि कादंबरीही.

याहून अवघड काम विश्राम बेडेकरांनी ‘रणांगण’मध्ये (१९३९) केलं, असं माझं मत. नायक चक्रधर विध्वंस. विध्वंस हे खरोखरचं मराठी आडनाव, त्यामुळे आरंभी वाचकाला ते खटकत नाही. पण तो ज्या बोटीवर आहे तिथे हॅर्टासारखे ज्यू निर्वासित आहेत, युरोप युद्धाच्या तोंडावर आहे, आणि मग ते आडनाव हळूहळू तापत जातं. लेखकाने ते मुद्दाम बनवलं असतं तर पहिल्या पानावरच पोकळ वाजलं असतं. नेमाड्यांचा चांगदेव पाटीलही तसाच. चौदाशे वर्षं तप करूनही कोराच राहिला, अशी ज्या योग्याची आख्यायिका, त्याचं नाव गावोगाव नोकऱ्या बदलत हिंडणाऱ्या प्राध्यापकाला. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं देऊळ आहे. खानदेशात हे नाव कुणालाच नवं नाही.

डिकन्स मात्र बिनधास्त नावं बनवायचा. ‘मार्टिन चझलविट’ ठरण्याआधी त्याने स्वीझलबॅक, चझलटो, चझलविग अशी नावं कागदावर घासून पाहिली होती. कान होता म्हणून त्याला ते खपलं. तो मोह आपण आवरावा.

कानाचा विषय निघालाच आहे, तर संगीताकडे वळू. ‘अमुक ठुमरी ऐकली, डोळे भरून आले, तेच कथेत आणायचंय’ असं म्हणणाऱ्यांच्या कथेत शेवटी ठुमरीचं नाव तेवढं येतं, डोळे लेखकाचेच भरलेले राहतात. गाण्यातून भावना उचलता येत नाही. लय उचलता येते.

मिलान कुंदेराने याचा चक्क हिशेब मांडलाय. त्याचे वडील बर्नोचे पियानोवादक, यानाचेकचे शिष्य, त्यामुळे घरातच संगीत. ‘लाइफ इज एल्सव्हेअर’ या आपल्या कादंबरीच्या सात भागांना त्याने संगीतातल्या गतींची नावं दिली. पहिल्या भागात ११ प्रकरणं, ७१ पानं : मध्यम लय. चौथ्यात २५ प्रकरणं अवघ्या ३० पानांत : अतिद्रुत. इथवर ते नुसतं गणित. गंमत सहाव्या भागात आहे. १७ प्रकरणं, २६ पानं, म्हणजे या हिशेबाने तो धावायला हवा. पण कुंदेरा त्याला संथ म्हणतो. कारण आधीच्या भागात एक अख्खं वर्ष सरतं आणि या भागात काही तासच. किती पानांत किती काळ सरतो, त्यावर लय ठरते. आपली एखादी फसलेली कथा काढा आणि समासात प्रत्येक पानाला किती वेळ गेला ते लिहा. बहुधा सगळ्या पानांवर एकच आकडा येईल. बडा ख्याल ज्या लयीत सुरू झाला त्याच लयीत रात्रभर चालला, तर श्रोते उठून जातील.

अमीर खाँसाहेबांचा अतिविलंबित झुमरा या दृष्टीने ऐकण्यासारखा आहे. चौदा मात्रांचं आवर्तन इतकं लांबतं की सम येणार हे माहीत असूनही आपण तिची वाट पाहत राहतो. कथेत काय घडणार ते वाचकाला आधी कळलं म्हणून बिघडत नाही, हे मला त्यातून उमगलं.

हारुकी मुराकामी लेखक होण्याआधीपासून तोक्योत जाझ बार चालवायचा. त्याच्या पहिल्या कादंबरीत (१९७९) निवेदक नुसता ‘मी’ आहे, मित्राला टोपणनाव तेवढं. १९८७ साली त्याने बीटल्सच्या गाण्याचं नाव कादंबरीला दिलं, ‘नॉर्वेजियन वुड’. त्यात माणसांना नावं आहेत : वातानाबे, नाओको, मिदोरी. सदतीस वर्षांचा वातानाबे विमानाने हॅम्बुर्गला उतरत असताना ते गाणं स्पीकरवर लागतं, तेही नुसत्या वाद्यवृंदावर वाजवलेलं. शब्द नाहीत, गायक नाही. आणि त्या पातळ केलेल्या सुरावटीने माणूस उन्मळून पडतो. तिथे मूळ गाण्याच्या ओळी छापल्या असत्या, तर हे साधलं नसतं.

नावालाही लय असते, हे सहसा विसरलं जातं. कादंबरीत ते शेकडो वेळा येणार असतं. ‘वसुंधराबाई जिना उतरल्या’ हे वाक्य आपसूक सावकाश उतरतं. ‘रमी जिना उतरली’ म्हटलं की ती खाली पोचलीसुद्धा. नाव ठेवण्याआधी ते दोन-तीन क्रियापदांसोबत मोठ्याने म्हणून बघावं.

नावं कुठून आणायची म्हणाल, तर घरातल्या जुन्या लग्नपत्रिका टाकू नका. एकाच कागदावर आजोबांची ‘कै.’ मंडळी, ‘आपले विनीत’खाली काका-मामांची फौज आणि तळाशी ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी चिल्लीपिल्ली : तीन पिढ्यांची नावं वयानुसार लावलेली मिळतात. चाळीस वर्षांपूर्वीच्या पत्रिकेत तळाशी असलेली संगीता आज कुणाची तरी सासू आहे. फक्त नाव एका पत्रिकेतलं घ्या आणि आडनाव दुसरीतलं, म्हणजे पुढच्या कार्याचं आमंत्रण चुकणार नाही.

या आठवड्यापुरतं काम : एक माणूस, त्याला मारल्या जाणाऱ्या पाच हाका आणि प्रत्येक हाक कोण मारतं ते. कथा लिहू नका. त्यातली एक हाक कधी बंद झाली, एवढंच दोन ओळींत लिहून ठेवा. पुढच्या भागात संवादाकडे वळू, तेव्हा ते लागेल.